संस्कृती तपासायची ती कचेरीची

प्रशासनविषयक परिषदांतून, व्यवस्थापनशास्त्राच्या प्रबंधांतून आणि अलीकडे मंत्र्यांच्या भाषणांतूनही एक विधान वारंवार कानी येते. शासनाने आपल्या सेवा संगणकावर आणल्या, दाखल्यांसाठी संकेतस्थळे उभी केली, मोबाइलवर ॲप दिली. तरीही सामान्य जनता त्यांचा म्हणावा तसा लाभ घेत नाही, कारण तिची संस्कृती आड येते. साहेबाच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिल्याशिवाय आपले काम झाले असे भारतीय माणसाला म्हणे वाटतच नाही. त्याला कागद हवा, शिक्का हवा, ओळखीचा माणूस हवा. एस्टोनिया आणि डेन्मार्क हे देश या बाबतीत पुढे गेले ते त्यांच्या राष्ट्रीय संस्कृतीच्या बळावर आणि भारत रेंगाळला तो आपल्या राष्ट्रीय संस्कृतीच्या ओझ्याखाली, असा हा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत विद्वानांच्या चर्चेपुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्याला एक व्यावहारिक उपयोग आहे आणि तो सत्ताधाऱ्यांनी अचूक हेरला आहे. यंत्राने अंगठा ओळखला नाही म्हणून रेशन दुकानातून रिकाम्या पिशवीने परतणारी म्हातारी, दिवसभर खोदकाम करूनही हजेरीचा फोटो चढला नाही म्हणून मजुरीला मुकलेला मजूर, नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले म्हणून अनुदान अडकलेला शेतकरी, या सर्वांचे गाऱ्हाणे एकदा ‘मानसिकता’ या सदरात टाकले की शासनाची जबाबदारी संपते. जाब शासनाला विचारायचा असतो. तो उलट जनतेलाच विचारला जातो. ही युक्ती नवी नाही. मलाया, जावा आणि फिलिपाइन्समधील लोक गोऱ्या मळेवाल्यांच्या अटींवर राबायला तयार नव्हते, तेव्हा त्यांच्या नकाराला वसाहतवाल्यांनी ‘आळशी स्वभाव’ असे नाव दिले होते. सय्यद हुसेन अलातास यांनी 1977 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या थोतांडाची चिरफाड केली. आज ‘आळशी देशी माणूस’ गेला आणि त्याच्या जागी ‘तंत्रज्ञानाला बिचकणारा देशी माणूस’ आला, एवढाच फरक.

एका कंपनीच्या नोकरांवरून राष्ट्रांची पारख

या सिद्धांताचे मूळ तपासले तर ते मोठे उद्बोधक आहे. खेर्त हॉफस्टेडे या डच समाजमानसशास्त्रज्ञाने 1980 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 1967 ते 1973 या काळात जमा झालेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्याने राष्ट्रांना गुण दिले. सत्तेतील विषमता लोक किती निमूटपणे स्वीकारतात याला एक अंक, अनिश्चिततेला ते किती घाबरतात याला दुसरा अंक, अशी ती पद्धत होती. संगणकीय शासनाविषयीचे कित्येक प्रबंध आजही हे अंक उचलतात, देशादेशांच्या आकडेवारीशी त्यांची सांगड घालतात आणि संस्कृतीचा प्रभाव सिद्ध झाला असे जाहीर करतात.

परंतु या प्रश्नावल्या भरल्या कोणी? त्या भरल्या आयबीएम या एकाच अमेरिकन कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांनी. त्यांत शेतमजूर नव्हता, विडी वळणारी बाई नव्हती, गिरणीकामगारही नव्हता. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने 2002 साली दाखवून दिल्याप्रमाणे पाकिस्तानसारख्या देशातील पहिल्या पाहणीत अवघे 37 नोकर होते. सदतीस कारकून व विक्रेते यांच्या उत्तरांवरून कोट्यवधी माणसांच्या अंतरंगाचे माप काढण्याला शास्त्र म्हणावयाचे असेल तर ज्योतिषालाही म्हणावे लागेल. समाजवादी कार्यकर्त्यांना या कंपनीचे नाव अपरिचित नाही. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलनविषयक कायद्याप्रमाणे भागभांडवलातील आपला हिस्सा कमी करण्यास तिने नकार दिला आणि 1978 साली या देशातून गाशा गुंडाळला. कंपनी गेली, मात्र तिच्या नोकरांच्या उत्तरांतून तयार झालेला भारतीय जनतेचा स्वभावदाखला मागे राहिला.

बरे, हे अंक क्षणभर खरे धरून चालू. अनिश्चिततेच्या भीतीचा भारताचा अंक 40 आहे, जर्मनीचा 65 आणि जपानचा 92. म्हणजे या सिद्धांतानुसार नव्या गोष्टीला सामोरे जाण्यात भारतीय माणूस जर्मन व जपानी माणसाहून धीट ठरतो! तेव्हा त्याच शास्त्राच्या आधारे त्याला बुजरा ठरवणाऱ्यांनी आधी आपल्याच कोष्टकाशी समेट करावा.

कोष्टकाबाहेरचे जग

एस्टोनियाला पुढील काळात दिलेला हाच अंक 60 आहे, म्हणजे जर्मनीच्या अगदी शेजारी. पण या दोन देशांत घडले काय? सुमारे 13 लाख वस्तीचा एस्टोनिया 1991 साली स्वतंत्र झाला. शाळाशाळांत संगणक नेण्याची मोहीम तेथे 1990 नंतरच्या दशकातच सुरू झाली. सार्वजनिक ग्रंथालयांत प्रत्येकाला इंटरनेट विनामूल्य मिळाले पाहिजे, अशी तरतूद 2000 साली संमत झालेल्या माहितीच्या कायद्यात करण्यात आली. सरकारी खात्यांच्या नोंदवह्या परस्परांना जोडणारी यंत्रणा 2001 साली उभी राहिली, ओळखपत्रे 2002 साली आली, 2005 साली इंटरनेटवरून मतदान झाले. नागरिकाने एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने त्याच्याकडे पुन्हा मागू नये हे तेथे तत्त्व ठरले. आपली नोंद कोणत्या अधिकाऱ्याने उघडून पाहिली हे नागरिकाला पाहता येऊ लागले. अधिकारी नागरिकाला पाहतो, तसाच नागरिकही अधिकाऱ्याला पाहतो. एस्टोनियन माणसाचा विश्वास म्हणून ज्याचे कौतुक होते त्याचा पाया असा कायद्याने आणि सार्वजनिक खर्चाने घातला गेला.

उलट जर्मनीने 2017 साली कायदा करून 575 सेवा 2022 अखेर इंटरनेटवर आणण्याचे ठरवले आणि ती मुदत पाळणे त्या संपन्न देशाला जमले नाही. संघराज्य, घटक राज्ये आणि नगरपालिका यांच्यातील अधिकारांची गुंतागुंत हे त्याचे उघड कारण आहे. सरकारी नोंदवह्यांविषयी जर्मन माणसाला वाटणारा संशय हेही एक कारण असेल. परंतु ज्या देशाने नाझी राजवटीच्या याद्या पाहिल्या आणि ज्याच्या पूर्व भागाने स्टासी या गुप्त पोलिसांच्या फायली पाहिल्या, त्याच्या संशयाला संस्कृती म्हणण्यापेक्षा स्मरणशक्ती म्हणणे अधिक योग्य. त्याच संशयातून 1983 साली जनगणनेविरुद्ध तेथे मोठी चळवळ झाली आणि आपल्या माहितीवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे, असा निर्णय घटनात्मक न्यायालयाने दिला. जनतेच्या बिचकण्यातून तेथे एक नवा मूलभूत हक्क जन्माला आला, ही गोष्ट संस्कृतीचे अंक मांडणारे सांगत नाहीत.

जपानचे उदाहरण तर या सिद्धांताची गंमतच करून टाकते. तेथे ‘माय नंबर’ ओळखपत्रे 2016 च्या जानेवारीपासून देण्यास सुरुवात झाली. 2020 च्या वसंतापर्यंत ती जेमतेम 15 टक्के लोकांनी घेतली होती. जपानी मन कागदाला आणि शिक्क्याला चिकटून राहते, असे खुलासे तेव्हा भरपूर निघाले. मग सरकारने पत्र घेणाऱ्याला आणि ते आरोग्यविम्याशी व बँक खात्याशी जोडणाऱ्याला जास्तीत जास्त 20,000 येनपर्यंतचे खरेदीचे गुण देऊ केले, आणि काही वर्षांत प्रमाण 70 टक्क्यांच्या वर गेले. हजारो वर्षांची म्हणवली जाणारी संस्कृती वीस हजार येनांत बदलत असेल तर तिला संस्कृती म्हणावे काय? शिवाय 2023 साली एकाच्या क्रमांकाला दुसऱ्याचीच माहिती जोडली गेल्याचे प्रकार उघडकीस आले आणि बिचकणारे लोक अगदीच वेडे नव्हते हेही सिद्ध झाले. डेन्मार्कविषयी बोलताना हेच मंडळी तेथील मोकळ्या, निर्भय वृत्तीचा गौरव करतात. सरकारी पत्रव्यवहार संगणकीय टपालपेटीतूनच स्वीकारण्याची सक्ती तेथे 2014 च्या नोव्हेंबरपासून कायद्याने झाली, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना कागदी पत्राची सूटही कायद्यानेच दिली, हे सांगायचे मात्र विसरतात.

राष्ट्र एक, यंत्र एक, निकाल वेगळे

आता स्वदेशाकडे वळू. राष्ट्रीय संस्कृती हे कारण खरे असते तर एकाच राष्ट्रात, एकाच यंत्रावर, एकाच ओळखपत्राने सर्वत्र सारखाच निकाल लागायला हवा होता. भारत सरकारच्याच 2016-17 च्या आर्थिक पाहणीत आधारद्वारे ओळख पटण्यात येणाऱ्या अपयशाचे अंदाज नोंदले आहेत: आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात 5 टक्के, गुजरातेत 6 टक्के, राजस्थानात 37 टक्के आणि झारखंडमध्ये 49 टक्के. कृष्णाकाठच्या माणसाची संस्कृती आणि झारखंडच्या आदिवासीची संस्कृती भिन्न म्हणून यंत्र एकाला ओळखते आणि दुसऱ्याला ओळखत नाही, असे कोणी म्हणेल काय? विजेचा पुरवठा, मोबाइलची रेंज, दुकानातील यंत्राची अवस्था, नोंदणी करणाऱ्याचे काम आणि बोटांवर पडलेले घट्टे यांतून हा फरक निर्माण होतो. वीटभट्टीवर, ऊसतोडीवर, दगडखाणीत ज्यांची बोटे झिजतात त्यांचे ठसे उमटत नाहीत. ज्याने अधिक कष्ट केले त्याची ओळख यंत्राला कमी पटते, असा हा न्याय आहे.

त्याच झारखंडमध्ये, सिमडेगा जिल्ह्यात, 2017 च्या सप्टेंबरात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी जोडले नाही म्हणून त्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. मुलगी भुकेने गेली असे आईने सांगितले. मलेरियाने गेली असे सरकारने सांगितले. मृत्यूच्या कारणाविषयी वाद झाला, कार्ड रद्द झाल्याविषयी झाला नाही. आधार नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य नाकारू नये, असे परिपत्रक केंद्रीय अन्न मंत्रालयाने त्यानंतर, ऑक्टोबर 2017 मध्ये, राज्यांना धाडले. ते आधी धाडता आले नसते काय?

महाराष्ट्रात तर या प्रश्नाचा जणू प्रयोगच होऊन गेला. 2017 च्या जूनमध्ये राज्य सरकारने 34,022 कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरावा अशी अट घातली. कर्ज बँकेने दिलेले, नोंद बँकेच्या खातेवहीत. तरीही आपण कर्जदार आहोत हे शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन, अंगठा लावून सांगावे! पेरणी-निंदणीच्या दिवसांत लोक केंद्रांपुढे रांगा लावून बसले, याद्यांत घोळ झाले आणि दिवाळीत दिलेल्या प्रमाणपत्रांनंतरही कित्येकांच्या खात्यांत पैसे येण्यास महिने लागले. पुढे 2019 च्या डिसेंबरात दुसऱ्या सरकारने महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने कर्जमुक्ती जाहीर केली तेव्हा अर्ज मागवलाच नाही. बँकांनी याद्या दिल्या, त्या गावात लावल्या गेल्या, शेतकऱ्याने ओळख पटवून रक्कम मान्य केली की ती त्याच्या कर्जखात्यात जमा होई. दोषमुक्त तीही योजना नव्हती. अंगठा तिथेही होता. परंतु शेतकरी तेच, गावे तीच, अडीच वर्षांत संस्कृती काही पालटली नव्हती. पालटला होता तो एक निर्णय: माहिती जुळवण्याचे कष्ट कोणी करावयाचे, शेतकऱ्याने की सरकारने?

मोबाइलवरून पैसे देण्याच्या व्यवहाराकडे पाहावे. भारतीय माणसाला रोकड सोडवत नाही, असे नोटाबंदीच्या वेळी किती जणांनी लिहिले! यूपीआयचे व्यवहार 2023 च्या ऑगस्टमध्ये महिन्याला 1,000 कोटींच्या पुढे गेले आणि त्यांत भाजीवाल्या, रिक्षावाले, चहाच्या टपऱ्या यांचा मोठा भाग होता. ही सरकारी सेवा नव्हे हे खरे; परंतु माणूस तीच आणि हातातला मोबाइल तोच. फरक एवढाच की तेथे पैसे आल्याची खूण तत्काळ पटते. शासनाकडे अर्ज केल्यावर तो कोठे गेला, कोणाकडे अडला आणि का अडला, हे त्याच मोबाइलवर महिनोन् महिने कळत नाही.

भीतीचे अर्थशास्त्र

ज्याला अनिश्चिततेची भीती म्हटले जाते तिचा हिशोब मांडता येतो. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 297 रुपये होती. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रावर जाणे म्हणजे तेवढी मजुरी बुडवणे, एसटीचे भाडे भरणे आणि केंद्रचालकाचे शुल्क देणे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ या पाच शब्दांची किंमत त्या माणसाच्या दृष्टीने एका दिवसाची भाकर आहे. साहेबाच्या घरी संगणक आहे, वेळ आहे, बिघडल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची ऐपत आहे; त्याला चूक परवडते. गरिबाला ती परवडत नाही, म्हणून तो ओळखीचा माणूस शोधतो, छापील पावती जपून ठेवतो, शिक्का मागतो. हे मागासलेपण नाही. ज्या शासनाने त्याच्या वाडवडिलांच्या कागदांवर अंगठे घेऊन जमिनी गिळताना पाहिल्या, त्या शासनाशी वागण्याची ही शहाणी रीत आहे. कचेरीतील कलमकसाई अडाणी शेतकऱ्याला कसे नागवतात हे जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये सांगून ठेवले आहे. लेखणीच्या जागी कळफलक आला म्हणून ती आठवण पुसली जाणार नाही.

मग संस्कृतीचा संबंध नाहीच काय?

आहे, आणि तो नाकारणे समाजवाद्यांना शोभणार नाही. जात आणि पुरुषसत्ता या गोष्टी संस्कृतीच्याच आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात 33.3 टक्के होत्या, शहरांत 51.8 आणि खेड्यांत 24.6. स्वतः वापरता येईल असा मोबाइल केवळ 54 टक्के स्त्रियांकडे होता. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर. परंतु ही संस्कृती राष्ट्राला एकत्र बांधणारी नाही, ती राष्ट्राला उभी-आडवी चिरणारी आहे. ‘राष्ट्रीय संस्कृती’ या शब्दाखाली ती झाकली की मालक आणि मजूर, सासरा आणि सून, सवर्ण आणि दलित यांची एकच सरासरी निघते आणि विषमता दिसेनाशी होते.

शिवाय ही संस्कृती जनतेइतकीच, किंबहुना अधिक, कचेरीत नांदते आणि तेथून ती यंत्रात शिरते. ‘लाडकी बहीण’ योजनेचेच पाहा. 2024 साली दरमहा 1,500 रुपयांसाठी काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांची नोंदणी झाली. अंगणवाडी सेविकांनी घरोघरच्या बायकांचे अर्ज भरून घेतले, म्हणून ती झाली; तेव्हा कोणाची संस्कृती आड आली नाही. निवडणुका पार पडल्या आणि 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसीची सक्ती आली. तीत स्त्रीने आपल्या नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यावा अशी मागणी होती. ज्यांचा नवरा वारला, ज्यांना टाकून दिले, ज्यांचे वडीलही हयात नाहीत, त्या स्त्रियांनी कोणाचा अंगठा आणावा? अखेर मुदत वाढवावी लागली. बाई म्हटली की तिच्यामागे एक पुरुष असतोच, ही समजूत त्या बायकांची नव्हती. ती अर्जाचा नमुना तयार करणाऱ्यांची होती. सांस्कृतिक अडथळा शोधायचाच असेल तर तो तेथे शोधावा.

भाषेचेही तसेच. डॉ. राममनोहर लोहिया यांनी इंग्रजीला विरोध केला तो ती परकी म्हणून नव्हे इतका ती मूठभरांच्या सत्तेचे हत्यार म्हणून. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. तरी सातबारावरील मराठी नाव आणि आधारवरील इंग्रजी नाव जुळले नाही की पुरावा देण्याचे ओझे शेतकऱ्यावर. जे नाव इंग्रजीत चुकीचे लिहिले ते शासनाच्या माणसाने; दुरुस्तीसाठी हेलपाटे मात्र नाव असणाऱ्याने घालायचे.

अंगठ्याची कहाणी तर याहून उपरोधिक आहे. साताऱ्याच्या ग्रामशिक्षण मोहिमेपासून, म्हणजे 1959 पासून, या राज्याने माणसाला अंगठ्याकडून सहीकडे नेण्याचे व्रत घेतले होते. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. आता सही करणाऱ्या साक्षरालाही पुन्हा अंगठ्याकडे नेले आहे, आणि तो न उमटल्यास त्याच्या शब्दाला, शेजाऱ्याच्या साक्षीला, सरपंचाच्या ओळखीला किंमत उरत नाही. नागरिकाविषयी मूळ गृहीतच अविश्वासाचे: तू चोर नाहीस हे रोज सिद्ध कर. रोजगार हमीवर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी सक्तीची झाली. 1972 च्या दुष्काळात वाढलेल्या आणि 1977 साली कायद्याचे रूप घेतलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत हजेरीपटावर खाडाखोड होई हे खरे; परंतु हजेरीपट घेणाऱ्याशी मजुराला भांडता येई. ॲपशी भांडता येत नाही. मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर 2023 च्या फेब्रुवारीपासून शंभर दिवसांचे धरणे धरले तरी सरकार हलले नाही. आणि चोरी थांबली काय? 2025 च्या जुलैत खुद्द ग्रामविकास मंत्रालयानेच या हजेरीत भलतीच छायाचित्रे, छायाचित्रांचीच छायाचित्रे चढवली जातात अशी कबुली देणारे पत्रक काढले. चोराला वाट सापडली, अडला तो राबणारा. डिसेंबर 2025 मध्ये तर संसदेने या कायद्याच्या जागी दुसराच कायदा संमत केला.

विश्वासू देशांचा अनुभव

जनतेचा शासनावर विश्वास असला की सर्व सुरळीत होते, असेही सांगितले जाते. हॉफस्टेडे यांच्याच नेदरलँड्समध्ये कर खात्याच्या यंत्रणेने मुलांच्या संगोपन भत्त्यात लबाडी केल्याचा ठपका हजारो निरपराध पालकांवर ठेवला. संशयित निवडताना परके नागरिकत्व हा धोक्याचा निकष धरला गेला होता. कुटुंबे कर्जात बुडाली आणि जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून संगणकाने लाखो गरजूंच्या नावे खोटी येणी काढली. ती योजना बेकायदा ठरली आणि 2023 च्या जुलैत चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. दोन्ही देशांत संगणकाला घाबरणारी जनता नव्हती. दाद मागण्याची सोय नसेल तर विश्वास हाच गळफास होतो, हा त्याचा धडा. भारतीय गरीब बिचकतो तेव्हा त्याला हा धडा आधीच ठाऊक असतो.

यंत्राला विरोध नव्हे

याचा अर्थ यंत्र मोडून टाकावे असा कोणी काढू नये. कागदाचे राज्य काही रामराज्य नव्हते. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला सातबारा इंटरनेटवर मिळू लागला हा लाभ आहे. ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाला तेथल्या दुकानात रेशन घेता येणे हाही लाभ आहे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या आंदोलनांतून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली आणि तिच्याच सहभागाने 2019 च्या सप्टेंबरात ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. कोणाच्या नावावर किती रेशन उचलले, कोणाला किती मजुरी दिली, हे तेथे सर्वांना पाहता येते. ज्या राज्यात अंगठा जुळण्याचे अपयश 37 टक्के नोंदले गेले त्याच राज्यातील कष्टकऱ्यांनी संगणकाची ही सेवा मागून घेतली, कारण तीत तपासले जाते ते शासन. केरळने 2002 साली मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ केंद्रे काढून घरटी एका माणसाला संगणकाची ओळख करून देण्याचे ठरवले आणि 2023 साली गरीब घरांना विनामूल्य इंटरनेट जोडणी देणारे सरकारी जाळे सुरू केले. संस्कृती बदलण्याची वाट पाहत ते राज्य बसले नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. पहिली, कोणत्याही हक्काच्या सेवेसाठी कागदी अर्जाचा आणि माणसाने माणसाला भेटण्याचा मार्ग कधीही बंद होता कामा नये. दुसरी, यंत्र चालले नाही तर त्या दिवसाची, कारणासह, मराठीत पावती मिळावी आणि अर्जाची तारीख तीच धरावी. तिसरी, ओळख पटली नाही म्हणून धान्य, मजुरी वा निवृत्तिवेतन थांबू नये; आधी द्यावे, मग तपासावे. चौथी, नाव-नोंदीतील दुरुस्ती शासनाने आपल्या खर्चाने गावात येऊन करावी. पाचवी, सेवा केंद्रे दलालीवर न चालवता ग्रामपंचायतीत पगारी माणसांकडून चालवावीत आणि अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात मारलेल्या या कामाचा योग्य मोबदला त्यांना मिळावा. महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हीही कसूर मानावी, असा आग्रह धरण्यास हाच कायदा पुरेसे हत्यार आहे.

कार्यकर्त्यांचे काम येथूनच सुरू होते. प्रत्येक तालुक्यातील सेवा केंद्राबाहेर आणि रेशन दुकानापाशी एक वही घेऊन बसावे. कोण आले, कितव्या खेपेला आले, काय सांगून परत पाठवले, किती मजुरी बुडाली, याची नोंद करावी. महिन्याअखेर ती वही ग्रामसभेत वाचावी, तहसीलदारापुढे ठेवावी आणि लोकसेवा हक्क कायद्याखाली अपिले दाखल करावीत. जनता मागास आहे असे म्हणणाऱ्यांपाशी एका कंपनीच्या नोकरांनी भरलेल्या जुन्या प्रश्नावल्या आहेत. त्यांना उत्तर देण्यासाठी गावोगावच्या या वह्या पुरेशा होतील.